ड्रॅगन क्वेस्टचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी आरपीजीचा (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून गोष्ट पुढे न्यायचे व्हिडिओ गेम) विषय निघाला की ड्रॅगन क्वेस्ट या मालिकेबद्दलचे हे प्रश्न हमखास येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. कथेतली रहस्यं शक्यतो झाकली आहेत. फक्त पाचव्या भागाबद्दलच्या उत्तरात एक उघड केलंय, तिथे आधी तसं सांगितलंय. गावांची आणि पात्रांची नावं मूळ जपानी आवृत्तीतली आहेत. इंग्रजीत खेळलात तर बरीच बदललेली दिसतील.

ही मालिका नेमकी किती जुनी?

पहिला भाग २७ मे १९८६ रोजी निन्टेंडोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आला. अकरावा मुख्य भाग २०१७ मध्ये आला आणि बारावा जाहीर झालेला आहे. मुख्य भाग, उपमालिका आणि नव्यानं बनवलेल्या जुन्या भागांची मिळून विक्री साडेआठ कोटी प्रतींच्या पुढे गेली आहे. शाळेत असताना पहिला भाग खेळलेली जपानी मुलं आता पन्नाशीत आहेत आणि त्यांच्यातले पुष्कळजण पुढच्या भागाची वाट बघतायत.

सुरुवात कोणी केली?

युजी होरिई या लेखकानं. होरिई आवाजी बेटावरच्या सुमोतो गावचे. वासेदा विद्यापीठात असताना मांगा (जपानी चित्रकथा) मंडळात होते, नंतर मासिकांसाठी लिहून पोट भरत होते. १९८२ मध्ये एनिक्स या कंपनीनं हौशी प्रोग्रामरांसाठी गेम बनवायची स्पर्धा ठेवली. होरिईंनी टेनिसचा गेम पाठवला आणि तो निवडला गेला. त्याच स्पर्धेत कोइची नाकामुरा नावाचा एक शाळकरी मुलगाही होता. १९८३ मध्ये एनिक्सनं विजेत्यांना सॅन फ्रान्सिस्कोला ॲपल संगणकांच्या प्रदर्शनाला नेलं. तिथे दोघांनी विझर्ड्री हा अमेरिकन गेम पाहिला आणि ते त्यात अडकले.

विझर्ड्री आणि अल्टिमा हे त्या काळातले दोन मोठे संगणकी आरपीजी. दोन्ही अवघड, दोन्हींना महागडा संगणक लागायचा. होरिईंना तोच आनंद घरच्या टीव्हीसमोर बसलेल्या, आरपीजी हा शब्दही न ऐकलेल्या मुलाला द्यायचा होता. अल्टिमासारखा वरून दिसणारा नकाशा घेतला, विझर्ड्रीसारखी समोरासमोरची लढाई घेतली आणि उरलेलं सगळं सोपं केलं. गोष्ट होरिईंची, प्रोग्रामिंग नाकामुरांच्या चुनसॉफ्ट या कंपनीचं, चित्रं 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार अकिरा तोरियामा यांची, संगीत कोइची सुगियामांचं.

पहिल्या गेममध्ये एवढं नवीन काय होतं?

माझ्या मते त्याचं मोठेपण पहिल्या पाच मिनिटांतच कळतं. गेम सुरू होतो तो राजाच्या दरबारात, आणि दाराला कुलूप असतं. खोलीत तीन पेट्या असतात : एकीत १२० सोन्याची नाणी, एकीत मशाल, एकीत किल्ली. पेटी उघडायला शिकल्याशिवाय किल्ली मिळत नाही, दार उघडायला शिकल्याशिवाय खोलीबाहेर पडता येत नाही, आणि पुढे जिना उतरायलाही शिकावं लागतं. म्हणजे बाहेरच्या जगात पाऊल टाकायच्या आत खेळणाऱ्याला सगळ्या आज्ञा वापरता येतात, तेही आपल्याला शिकवलं जातंय हे न जाणवता.

बाहेर आलं की पाण्यापलीकडे शेवटच्या शत्रूचा, म्हणजे ड्रॅगनराजाचा, किल्ला दिसतो. पहिल्याच पडद्यावर! कुठे जायचंय ते डोळ्यांसमोर, पण मध्ये पाणी. तिथे पोचायला सगळा मुलूख पालथा घालावा लागतो. एवढ्या साध्या मांडणीत अख्ख्या गेमची ओढ तयार होते, आणि इतक्या वर्षांत मला याहून चांगली सुरुवात दुसऱ्या कुठल्या आरपीजीत सापडलेली नाही.

मरणाचा नियमही असाच. विझर्ड्रीत मेलेलं पात्र कायमचं जाऊ शकायचं. इथे मेलात तर राजासमोर जागे होता. राजा चार शब्द सुनावतो, निम्मे पैसे जातात, पण कमावलेला अनुभव जातच नाही. हरलेली लढाईसुद्धा वाया जात नाही. ज्याची बोटं चपळ नाहीत त्यानं थोडा जास्त वेळ दिला की त्यालाही पुढे जाता येतं. पुढच्या सगळ्या भागांचा पाया मला या एका नियमात दिसतो.

हे सगळं ६४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवलं होतं. जागा वाचवायला काताकाना लिपीतली मोजकीच अक्षरं ठेवली आणि राक्षसांची नावं त्याच अक्षरांत बसतील अशी घडवली. जपानी आवृत्तीत नायक कुठेही चालला तरी तोंड आपल्याकडेच करून चालतो, कारण पाठीची आणि बाजूची चित्रं ठेवायला जागा नव्हती.

सेव्ह कसं करायचे तेव्हा?

सेव्हची सोयच नव्हती. राजा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' द्यायचा : पहिल्या भागात वीस अक्षरं, दुसऱ्यात (२६ जानेवारी १९८७) जास्तीत जास्त बावन्न. ती वहीत उतरवून घ्यायची आणि पुढच्या वेळी तशीच भरायची. हिरागाना या जपानी लिपीतली काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात, त्यात तेव्हाच्या टीव्हीचं चित्र धूसर, त्यामुळे एक अक्षर चुकलं की कित्येक तासांची मेहनत गेली. त्या पिढीच्या जपानी लोकांपुढे हा विषय काढून पाहा, ही हळहळ अजून ताजी आहे.

दुसऱ्या भागात एक प्रसिद्ध मंत्र आहे. त्यात होरिई आणि तोरियामा यांची पूर्ण नावं येतात, आणि तो भरला की भक्कम झालेली टोळी थेट हाती येते.

तिसऱ्या भागापासून कॅसेटमध्ये खेळ जपून ठेवणारी बॅटरी आली. मग निराळंच दुःख सुरू झालं : बॅटरीनं दगा दिला की एक भेसूर धून वाजायची आणि 'तुमची साहसवही पुसली गेली आहे' असा मजकूर यायचा.

'शोनेन जंप' या मांगा साप्ताहिकाचा काय संबंध?

फार जवळचा. होरिई जंपमध्ये गेमवरची पानं लिहायचे. तिथले संपादक काझुहिको तोरिशिमा हे तोरियामांचेही संपादक. त्यांनीच दोघांची गाठ घालून दिली. पहिला भाग दुकानात आला तेव्हा त्यावर लगेच उड्या पडल्या नव्हत्या. आरपीजी म्हणजे काय हेच मुलांना ठाऊक नव्हतं. जंपमधून होरिई ते आठवड्यामागून आठवडे समजावत राहिले आणि हळूहळू विक्री १५ लाखांच्या आसपास पोचली.

तिसऱ्या भागानंतर ड्रॅगन क्वेस्ट फक्त सुट्टीच्या दिवशीच बाजारात आणायचा असा जपान सरकारनं कायदा केला, हे खरं का?

नाही. असा कुठलाही कायदा नाही. ही दंतकथा जगभर फिरते, पण तिच्यामागे घडलेली गोष्ट खरी आहे.

तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी आला, बुधवारी. दुकानांपुढे रात्रीपासून रांगा लागल्या, पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती गेल्या. शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकल्याच्या बातम्या छापून आल्या. लहान मुलांकडून कॅसेट हिसकावून घेण्याचे प्रकारही झाले. त्यानंतर मुख्य भाग शनिवारी, रविवारी किंवा सुट्टीत येऊ लागले. चौथा ११ फेब्रुवारी १९९० ला, रविवारी. दहावा गुरुवारी आला, पण तो ऑगस्टमध्ये, शाळांना सुट्टी असताना.

तिसऱ्या भागात भारत आहे म्हणतात, कुठे?

आहे, आणि मराठी वाचकानं, त्यातही गोव्याच्या वाचकानं, मुद्दाम जाऊन पाहावा असा आहे.

त्या गेमचा नकाशा खऱ्या पृथ्वीवर बेतलेला आहे. इटलीच्या जागी रोमारिया, इजिप्तच्या जागी इसिस, जपानच्या जागी जिपांगु, तिथे आठ डोक्यांचा ओरोची सर्प. पोर्तुगालच्या जागी पोर्तोगा. या पोर्तोगाच्या राजाला काळी मिरी हवी असते. पूर्वेकडे जाऊन मिरी आणून दिलीत तर जहाज देतो, असा त्याचा शब्द. वाट डोंगराखालून जाते. तिथे नोर्डो नावाचा बुटका राहतो, त्याला राजाचं पत्र दाखवलं की तो ती उघडून देतो. पलीकडे नदीकाठी बहारता नावाचं गाव लागतं. तिथली माणसं नदीला पवित्र मानतात. मिरीच्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाची नात तानिया हिला कांदाता नावाच्या दरोडेखोरानं पळवलेलं असतं. तिच्यावर प्रेम करणारा तरुण तिला सोडवायला धावतो आणि स्वतःही पकडला जातो. त्या तरुणाचं नाव गुप्ता! दोघांना सोडवून आणलं की मिरी मिळते.

पोर्तुगीजांनी जहाजं हाकली ती मिरीसाठी; १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तो तिच्याच मागावर, आणि १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेला. होरिईंनी हा क्रम उलटा केला : इथे मिरी आधी, जहाज नंतर. एवढ्या छोट्या कॅसेटमध्ये व्यापाराचा हा इतिहास आणून बसवायचं कुणाला सुचावं, याचं मला अजून नवल वाटतं.

बहारताच्या उत्तरेला दारमा मंदिर आहे. हे नाव धर्मावरूनच आलेलं. विसाव्या लेव्हलला पोचलेल्या पात्राला तिथे पेशा बदलता येतो. लेव्हल पुन्हा एक होते, ताकद निम्मी होते, पण शिकलेले जादूचे मंत्र राहतात. ऋषी व्हायचं तर एक दुर्मिळ ग्रंथ हवा. अपवाद एकाचाच : लढाईत नुसत्या माकडचेष्टा करणारा विदूषक. तो विसाव्या लेव्हलपर्यंत तगला की ग्रंथाशिवाय ऋषी होतो.

अमेरिकेत 'ड्रॅगन वॉरियर' हे नाव कशामुळे?

तिथे ड्रॅगनक्वेस्ट नावाचा टेबलावर खेळायचा गेम आधीच होता, त्यामुळे नावाचा हक्क मिळेना. १९८९ मध्ये पहिला भाग ड्रॅगन वॉरियर या नावानं गेला आणि पुढे निन्टेंडोनं आपल्या मासिकाच्या वर्गणीदारांना तो फुकट वाटला. तरी जपानसारखं वेड तिथे लागलं नाही. पाचवा आणि सहावा भाग तर त्या काळी अमेरिकेत गेलेच नाहीत. ते निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या यंत्रावर, २००९ आणि २०११ मध्ये पोचले. ड्रॅगन क्वेस्ट हे मूळ नाव अमेरिकेतल्या मुख्य भागाला मिळालं ते २००५ मध्ये, आठव्या भागापासून.

आपल्याकडे लहानपणी ही कॅसेट कशी दिसली नाही?

आपल्याकडे नव्वदीत घरोघरी जे 'व्हिडिओ गेम' आले ते बहुतेक फॅमिकॉमच्याच नकला होत्या. म्हणजे यंत्र तेच होतं. पण त्यावरच्या कॅसेटमध्ये मारियो, काँट्रा असे न वाचता खेळता येणारे गेम असायचे. ड्रॅगन क्वेस्टमध्ये वाचायचंच जास्त, तेही जपानीत. तोरियामांची रेघ मात्र आपल्या मुलांना ओळखीची झाली, ती कार्टून नेटवर्कवरच्या ड्रॅगन बॉल झीमुळे.

भाग क्रमानं खेळावे लागतात का?

नाही. पहिले तीन एका गटात येतात, आणि त्यात तिसऱ्याची गोष्ट सर्वांत आधीची. चौथा, पाचवा, सहावा यांचा दुसरा गट. त्यांचे धागे सैल आहेत. सातव्यापासून प्रत्येकाचं जग स्वतंत्र. अकरावा एकट्यानं खेळला तरी पूर्ण वाटतो, पण पहिले तीन झाले असतील तर त्याचा शेवट जास्त भिडतो.

पाचव्या भागावर लोकांचा एवढा जीव का?

(इथे कथा उघड होते. खेळायचा असेल तर हे उत्तर सोडा.)

१९९२ मध्ये सुपर फॅमिकॉमवर आलेल्या या भागात नायकाचं आख्खं आयुष्य दिसतं. आधी तो बापाबरोबर हिंडणारं लहान पोर असतो. बाप, पापास, त्याच्या डोळ्यांदेखत मारला जातो. पुढची दहा वर्षं गुलामीत जातात. मग लग्न. बालमैत्रीण बियांका की श्रीमंत घरची फ्लोरा, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं, आणि यावरून जपानी चाहते आजही तावातावानं भांडतात. पुढे मुलं होतात, आणि तेव्हा कळतं की भविष्यवाणीतला वीर आपण नाही, आपला मुलगा आहे. आपण त्याला तिथवर आणून सोडणारा बाप. व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याला मध्यभागावरून बाजूला करायचं आणि तरी त्याला भरून पावल्यासारखं वाटायला लावायचं, हे १९९२ मध्ये करून दाखवलेलं आहे. माझा सर्वांत आवडता भाग हाच.

लढाईत हरवलेल्या राक्षसांना सोबत घेऊन लढायची सोयही इथेच आली, पोकेमॉनच्या जवळजवळ साडेतीन वर्षं आधी. त्यातूनच १९९८ मध्ये 'मॉन्स्टर्स' ही उपमालिका निघाली.

सातवा भाग एवढा का रखडला?

सहावा डिसेंबर १९९५ मध्ये आला, सातवा २६ ऑगस्ट २००० रोजी. यंत्र बदललं, प्लेस्टेशन आलं, गोष्ट फुगत गेली आणि तारखा पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. पहिली लढाईच यायला दोन-तीन तास लागतात, पूर्ण गेमला शंभर तास सहज. तरीही जपानमध्ये ४० लाखांच्या आसपास खपला. नव्या माणसानं इथून सुरुवात करू नये, एवढंच सांगेन. यातल्या हरवलेल्या बेटांच्या एकेक कथा मात्र होरिईंच्या लिखाणातल्या सर्वांत कडू आणि सर्वांत सुंदर कथांपैकी आहेत.

फायनल फँटसीही याच कंपनीची ना? मग फरक काय?

१ एप्रिल २००३ रोजी एनिक्स आणि स्क्वेअर एकत्र आल्या, तेव्हापासून एकाच कंपनीची. त्याआधी सुमारे पंधरा वर्षं या दोन मालिका प्रतिस्पर्धी होत्या. फायनल फँटसी दर भागात लढाईची रीत, जग, रूप सगळं बदलते. ड्रॅगन क्वेस्टमध्ये वीस वर्षांनी परतलेल्या माणसालाही मेनू ओळखीचा वाटतो, निळा स्लाइम पहिल्याच गवतात भेटतो आणि पेटी उघडल्यावर तोच आवाज येतो. हा आळस आहे असं म्हणणारे आहेत. मला ती परतणाऱ्यांसाठी घेतलेली काळजी वाटते.

मग काहीच बदललं नाही?

बदललं तर. २००४ चा आठवा भाग लेव्हल-५ या कंपनीनं बनवला आणि प्रथमच पूर्ण त्रिमितीय जगात उघड्या माळावर चालता आलं. २००९ चा नववा थेट हातातल्या डीएसवर आला. त्यात सुरुवातीला मेनूची लढाई काढून हाणामारी ठेवायचं ठरलं होतं, पण जपानी चाहते इतके नाराज झाले की जुनी पद्धत परत आली. त्याच भागात खिशातला डीएस चालू ठेवून गर्दीतून चाललं की अनोळखी खेळाडूंशी खजिन्यांच्या नकाशांची देवाणघेवाण व्हायची. टोकियोतल्या अकिहाबारा भागात लोक त्यासाठी मुद्दाम जमायचे. जगभरात त्याच्या ५० लाखांवर प्रती गेल्या.

दहावा, २०१२ चा, पूर्ण ऑनलाइन आणि मासिक शुल्काचा. इंग्रजीत तो कधी आलाच नाही. त्यातही मुलांसाठी रोज ठरावीक वेळ विनाशुल्क ठेवलेला होता, हे इथे नोंदवावंसं वाटतं.

संगीताबद्दल एवढं का बोललं जातं?

कोइची सुगियामा १९३१ चे. टीव्ही, जाहिराती आणि पॉप गाण्यांत नाव कमावून झालं होतं. एनिक्सच्या शोगीच्या (जपानी बुद्धिबळाच्या) गेमबद्दल त्यांनी अभिप्रायाचं कार्ड पाठवलं, कंपनीतल्या कुणीतरी नाव ओळखलं आणि पंचावन्नाव्या वर्षी ते या कामात आले. फॅमिकॉमवर सूर मोजकेच निघायचे. त्यांनी राजवाड्याची धून बाखच्या धर्तीवर दोन सुरांत गुंफली आणि तेवढ्यात दरबार उभा केला. १९८७ पासून हे संगीत वाद्यवृंदातून मैफलींत वाजू लागलं. टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात, २३ जुलै २०२१ रोजी, खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते याच मालिकेच्या सलामीच्या धुनेवर. आपल्यापैकी अनेकांनी ती टीव्हीवर ऐकली आहे.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यानं स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांविषयी त्यांनी जाहीरपणे घेतलेली नाकारणारी भूमिका अनेकांना दुखावणारी होती, आणि ऑलिंपिकच्या वेळीही त्यावर टीका झाली. संगीतावर प्रेम करताना मी ती विसरत नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ते गेले.

स्लाइम कुठून आला?

होरिईंनी कागदावर चिखलाच्या गोळ्यासारखं काहीतरी काढून दिलं होतं. तोरियामांनी त्याचा टोकदार थेंब केला, मोठे डोळे आणि हसरं तोंड दिलं. पाश्चात्त्य आरपीजीत स्लाइम म्हणजे किळसवाणा चिकट प्रकार असायचा. इथे तो मालिकेचा चेहराच झाला. शत्रूसुद्धा प्रेमानं काढायचा, ही तोरियामांची देणगी. १ मार्च २०२४ रोजी, वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

बाराव्या भागाचं काय?

२७ मे २०२१ रोजी, मालिकेच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, 'द फ्लेम्स ऑफ फेट' या नावानं तो जाहीर झाला. त्यानंतर वर्षानुवर्षं फारसं काही दाखवलं गेलं नाही, आणि मधल्या काळात होरिई, तोरियामा, सुगियामा या तिघांपैकी शेवटचे दोघे गेले. दोघांच्या अखेरच्या कामाला शोभेल असाच हा भाग करू, अशा अर्थाचं होरिईंनी म्हटलं आहे. लवकर यावा असं मला मुळीच वाटत नाही. नीट यावा.

आज सुरुवात कुठून करू?

इंग्रजी वाचायची तयारी असेल तर अकराव्याची 'एस' आवृत्ती घ्या. संगणकावर आणि कन्सोलवर मिळते. जुन्या गोष्टींची ओढ असेल तर तिसऱ्याची नोव्हेंबर २०२४ ची नवी आवृत्ती घ्या, आणि ती संपली की पहिल्या दोन भागांची, जी ऑक्टोबर २०२५ मध्ये एकत्र आली. कथेच्या काळानुसार हाच क्रम बरोबर पडतो. मोबाइलवर पाचवा आणि आठवाही आहेत, पाचव्याला एक हात पुरतो. गावात शिरल्यावर प्रत्येक माणसाशी बोला, आणि लढाई अडली तर चिडून सोडू नका. गावाबाहेर दोन-तीन लेव्हल वाढवून पुन्हा जा.